करवीर संस्थानातील राखीव जागांचे धोरण आणि पक्षीय वैरभाव : १८९९ ते १९२५ या कालखंडातील वादाचे विवेचन

सारांश

राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी रिक्त जागांपैकी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. या आदेशावरील वादाचे रूपांतर पुढील दोन दशकांत ब्राह्मण-ब्राह्मणेतर वैरभावात झाले. धोरणाच्या न्याय्यतेविषयीचा मतभेद आणि धोरणकर्त्याविषयीचा द्वेष या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांची गल्लत कोणत्या मार्गांनी होते हे कोल्हापूरच्या उदाहरणावरून स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वेगवेगळ्या वादांची एकत्र गुंफण, युक्तिवादाऐवजी हेतूवर हल्ला आणि व्यक्तीच्या कृतीचा दोष समूहावर टाकणे हे तीन मार्ग येथे मांडले असून, त्यांची किंमत प्रामुख्याने वादात नसलेल्या दुर्बल घटकांना मोजावी लागते, असे प्रतिपादन केले आहे.

बीज संज्ञा : राखीव जागा, वेदोक्त प्रकरण, ब्राह्मणेतर चळवळ, पक्षीय वैरभाव, सामाजिक न्याय.

प्रस्तावना

शासनसंस्थेने नागरिकांच्या हक्कांविषयी एखादे नवे धोरण स्वीकारले की समाजात दोन प्रकारचे वाद सुरू होतात. पहिला वाद धोरणाविषयी असतो. ते न्याय्य आहे काय, त्याने अपेक्षित परिणाम साधेल काय, त्याचा भार कोणावर पडेल, हे प्रश्न त्यात विचारले जातात. दुसरा वाद माणसांविषयी असतो. धोरण आणणारा कोण, त्याचा अंतस्थ हेतू काय, तो आपल्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, हे त्यात पाहिले जाते. पहिल्या वादात पुराव्याची गरज भासते. दुसऱ्या वादात निष्ठा पुरेशी ठरते. म्हणूनच पहिला वाद लवकर थकतो आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे कोल्हापूर हे या प्रक्रियेच्या अभ्यासासाठी उत्तम क्षेत्र आहे. येथे धोरण लिखित स्वरूपात उपलब्ध आहे, त्यावरील वाद वृत्तपत्रांतून जाहीरपणे झाला आणि त्याचे परिणाम पुढील अर्धशतकात पाहता येतात. शाहू छत्रपतींच्या कार्यावर धनंजय कीर, य. दि. फडके, जयसिंगराव पवार, गेल ऑम्वेट, इयान कोपलंड आदींनी विपुल लेखन केले आहे. प्रस्तुत लेखात त्या कार्याचा समग्र आढावा घेण्याचा प्रयत्न नसून केवळ वादाच्या स्वरूपाकडे लक्ष वेधले आहे.

संकल्पनांची स्पष्टता

विवेचनापूर्वी 'मतभेद' आणि 'वैरभाव' या दोन संज्ञांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. मतभेदात समोरच्याचे म्हणणे चुकीचे मानले जाते, वैरभावात समोरचा माणूसच वाईट मानला जातो. शांतो अय्यंगार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकन समाजाचा अभ्यास करताना असे दाखवून दिले, की दोन पक्षांच्या अनुयायांमध्ये धोरणांविषयीचे अंतर फारसे मोठे नसतानाही परस्परांविषयीची नावड मात्र वेगाने वाढू शकते. या स्थितीला राज्यशास्त्रात भावनिक ध्रुवीकरण म्हटले जाते. संज्ञा नवी असली, तरी तिने निर्देशिलेली वस्तुस्थिती महाराष्ट्राला नवी नाही.

'पक्ष' हा शब्दही येथे व्यापक अर्थाने वापरला आहे. १९०२ मध्ये कोल्हापुरात निवडणूक लढविणारे पक्ष नव्हते. तथापि वृत्तपत्रे, जातिसंस्था, मठ, वसतिगृहे आणि दरबारातील गट यांच्याभोवती जी संघटित निष्ठा निर्माण झाली, तिचे कार्य पक्षासारखेच होते.

१९०२ चा आदेश : पार्श्वभूमी व स्वरूप

शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्या वर्षी संस्थानाच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. ५०० कारकुनी जागांपैकी अवघ्या १० जागांवर ब्राह्मणेतर होते. संस्थानाच्या प्रजेत शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य जातींचे प्रमाण प्रचंड असताना कारभार जवळजवळ एकाच जातीच्या हाती असणे ही केवळ नोकऱ्यांच्या वाटपाची बाब नव्हती. सारावसुली, न्यायदान, शाळेतील प्रवेश, गावदप्तर या सर्व ठिकाणी सामान्य रयतेची गाठ ज्यांच्याशी पडे, ते सारे एका समूहातील होते. हक्क कागदावर असणे आणि ते कचेरीत मिळणे यांतील अंतर येथे होते.

२६ जुलै १९०२ च्या आदेशाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते. आदेशात प्रामुख्याने चार गोष्टी होत्या. पहिली, आदेशाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भराव्यात. दुसरी, ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक याच वर्गातून व्हावी. तिसरी, ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व मागासलेले समजावेत. चौथी, सर्व खातेप्रमुखांनी आपल्याकडील नेमणुकांचा त्रैमासिक अहवाल सादर करावा.

यातील शेवटच्या कलमाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. आदेश काढणे सोपे असते, परंतु त्याची अंमलबजावणी ज्यांच्या हाती असते त्यांचाच त्याला विरोध असेल तर तो दप्तरात पडून राहतो. दर तीन महिन्यांनी हिशेब मागणारे हे कलम त्या अडचणीवरचे उत्तर होते. तसेच या आदेशाने कोणाचीही असलेली नोकरी काढून घेतली नाही, त्याचा संबंध रिक्त होणाऱ्या जागांशीच होता. १९१२ पर्यंत प्रशासनातील ९५ पदांपैकी ३५ पदांवर, म्हणजे सुमारे ३७ टक्के पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. दशकभरात एवढा बदल झाला, आणि तरीही त्या समाजाचे प्रतिनिधित्व त्याच्या लोकसंख्येच्या मानाने मोठेच राहिले.

या धोरणाला शिक्षणाची जोड होती. नोकरीसाठी उमेदवारच नसतील तर राखीव जागा रिकाम्या राहतील, हे ओळखून १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे सुरू करण्यात आली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग १९०१ मध्ये, मुस्लिम बोर्डिंग १९०६ मध्ये, लिंगायत वसतिगृह १९०७ मध्ये आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मध्ये अस्तित्वात आले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला.

स्वतंत्र वादांची एकत्र गुंफण

वरील आदेशाची चर्चा स्वतंत्रपणे झाली असती, तर तिचे स्वरूप कदाचित वेगळे असते. प्रत्यक्षात तो आदेश निघाला तेव्हा वातावरण दोन अन्य वादांनी आधीच तापलेले होते.

पहिला वाद वेदोक्ताचा. १८९९ च्या कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नान करीत असता महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, ही बाब राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणली. क्षत्रिय म्हणून आपले विधी वेदोक्त पद्धतीने व्हावेत, अशी अपेक्षा महाराजांनी व्यक्त केली, ती राजोपाध्यांनी नाकारली. चौकशी समिती नेमली गेली, तिचा निर्णय महाराजांच्या बाजूने झाला आणि १९०२ च्या मे महिन्यात राजोपाध्यांची इनामे जप्त झाली. त्यांनी ब्रिटिश सरकारकडे केलेली अपिलेही फेटाळली गेली.

दुसरा वाद ताईमहाराज प्रकरणाचा. पुण्याचे सरदार बाबामहाराज यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त लोकमान्य टिळक होते. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस जगन्नाथ याचे दत्तविधान झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापुरात बाळामहाराज यांना दत्तक घेतले व त्यास कोल्हापूर दरबाराचा पाठिंबा होता. हा दावा १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाली काढीपर्यंत चालला.

या तारखा एकत्र ठेवल्या असता गुंतागुंत ध्यानात येते. कोल्हापुरातील दत्तविधान १९०१ च्या ऑगस्टमधील, 'केसरी'तील वेदोक्तविषयक अग्रलेख त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील, इनामजप्ती १९०२ च्या मे महिन्यातील आणि राखीव जागांचा आदेश त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांतील. वस्तुतः हे तीन भिन्न प्रश्न होते. वेदोक्ताचा प्रश्न धार्मिक अधिकाराचा होता, ताईमहाराजांचा प्रश्न दत्तकाच्या कायद्याचा होता आणि नोकऱ्यांचा प्रश्न प्रशासनातील न्याय्य सहभागाचा होता. एखाद्याला वेदोक्ताचा आग्रह निरर्थक वाटूनही राखीव जागा योग्य वाटू शकत होत्या. दत्तकाच्या दाव्यात टिळकांची बाजू बरोबर मानूनही वेदोक्ताचा हक्क मान्य करता येत होता. परंतु तिन्ही वादांत व्यक्ती त्याच असल्यामुळे प्रश्नही एकच आहे असा समज दृढ झाला. कोणत्याही एका प्रश्नावर मत देणाऱ्याला उरलेल्या दोहोंवरील मतही त्याबरोबर घ्यावे लागे. वैरभावाच्या निर्मितीचा हा पहिला मार्ग होय.

आक्षेप, हेतू आणि उत्तरे

राखीव जागांवर घेतला गेलेला सर्वांत गंभीर आक्षेप गुणवत्तेचा होता. नोकरी ही लायकीनुसार मिळावी, जातीनुसार देऊ नये, हा तो आक्षेप होय. त्याचे वजन नाकारण्याचे कारण नाही. अकार्यक्षम कारभाराचा फटका शेवटी रयतेलाच बसतो. सांगलीच्या एका वकिलांनी हाच आक्षेप महाराजांपुढे मांडला आणि महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेऊन, सर्व घोड्यांना एकत्र दाणा टाकल्यास बळकट घोडे तो कसा फस्त करतात हे दाखविले, अशी आख्यायिका कोल्हापुरात आजही सांगितली जाते. तिची ऐतिहासिकता काहीही असो, तिच्यातील तर्क महत्त्वाचा आहे. त्यात आक्षेप घेणाऱ्याच्या जातीचा उल्लेख नाही, त्याच्या हेतूवर शंका नाही. स्पर्धा न्याय्य होण्यासाठी आरंभीची स्थिती तुल्य असावी लागते, एवढेच उत्तर त्यात आहे. एका युक्तिवादाला दुसऱ्या युक्तिवादाने दिलेले उत्तर म्हणून लोकस्मृतीने ती कथा जपली असावी.

जाहीर वादात मात्र या पद्धतीचे उत्तर विरळाच आढळते. एका बाजूने असे म्हटले जाई, की महाराजांना सामाजिक न्यायाची चाड नसून वेदोक्ताचा सूड घ्यावयाचा आहे, तसेच ब्रिटिशांना खूश ठेवून राष्ट्रीय चळवळीला शह द्यावयाचा आहे. दुसऱ्या बाजूने असे म्हटले जाई, की विरोधकांच्या तोंडी राष्ट्र आणि गुणवत्ता असली तरी मनात केवळ आपल्या जातीची मक्तेदारी आहे.

इतिहासकाराला हेतूंचा शोध घ्यावा लागतो. कोपलंड यांनी १९७३ मधील आपल्या निबंधात शाहूंच्या धोरणामागील राजकीय गरजांचे विश्लेषण केले आहे आणि ते अभ्यासास उपयुक्त आहे. तथापि हेतूचा शोध आणि धोरणाचे मूल्यमापन या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत. समजा, आदेशामागे वेदोक्ताचा राग होता असे सिद्ध झाले, तरी ५०० कारकुनी जागांपैकी ४९० जागा एकाच जातीकडे असणे योग्य ठरत नाही. तसेच, आक्षेप घेणाऱ्याला स्वजातीचा लोभ होता असे सिद्ध झाले, तरी कार्यक्षमतेचा प्रश्न आपोआप सुटत नाही. हेतूवरील हल्ल्याने आकड्याचे उत्तर द्यावे लागत नाही, हीच त्याची सोय आणि हाच त्याचा दोष. हा वैरभावाचा दुसरा मार्ग होय.

स्वराज्य आणि प्रतिनिधित्व

१९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची पुनःस्थापना झाली. १९१६ नंतर राजकीय सुधारणांची चर्चा सुरू होताच नोकऱ्यांविषयीचा वाद कायदेमंडळातील प्रतिनिधित्वाकडे सरकला. स्वराज्य आधी की सामाजिक समता आधी, या प्रश्नावर दोन तट पडले. जातवार प्रतिनिधित्वाची मागणी करणारे राष्ट्रद्रोही आणि तिला विरोध करणारे जातीचे अभिमानी, अशी सरळ विभागणी होऊ लागली. १९१७ मध्ये अथणी येथील टिळकांच्या भाषणात शेतकरी व कारागीर जातींच्या कायदेमंडळातील प्रवेशाविषयी जे उद्गार निघाले, त्यांचे पडसाद दीर्घकाळ उमटत राहिले. १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठेवण्यात आल्या.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. १९१८ च्या मार्चमध्ये मुंबईत सयाजीराव गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत टिळकांनी अस्पृश्यतेचा स्पष्ट शब्दांत निषेध केला, परंतु अस्पृश्यता व्यक्तिशः न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही. त्यांच्या अनुयायांनी भाषण लक्षात ठेवले, विरोधकांनी सही न करणे लक्षात ठेवले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच प्रसंगातील होत्या. त्या एकत्र ठेवून विचार करण्याची तयारी दोन्ही तटांत अभावानेच दिसते.

वैराच्या रेषेत न बसणाऱ्या व्यक्ती

दोन तटांच्या या चित्रात काही व्यक्ती बसत नाहीत आणि त्यांच्यामुळेच ते चित्र अपुरे असल्याचे कळते. वेदोक्ताचा प्रश्न निदर्शनास आणणारे राजारामशास्त्री भागवत स्वतः ब्राह्मण होते. संस्थानाचे दिवाण रघुनाथराव सबनीस हे कायस्थ प्रभू, म्हणजे आदेशाने वगळलेल्या जातींपैकी एका जातीचे होते. तरीही त्या धोरणाच्या अंमलाच्या काळात दिवाणपद त्यांच्याकडेच राहिले.

विठ्ठल रामजी शिंदे यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. ते मराठा होते, अस्पृश्यता निवारणासाठी त्यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेली डिप्रेस्ड क्लासेस मिशन ही संस्था सर्वांना ज्ञात होती. पण जातवार मतदारसंघ त्यांना अमान्य होते आणि राष्ट्रीय चळवळीशी त्यांचे नाते होते. १९२० च्या निवडणुकीत मराठ्यांसाठीची राखीव जागा न स्वीकारता पुण्यातून ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. ब्राह्मणेतर पक्षाला ते आपले वाटले नाहीत, राष्ट्रीय पक्षालाही ते पूर्णपणे आपले वाटले नाहीत. वैरभाव तीव्र झाला की प्रश्नाप्रश्नाचा स्वतंत्र विचार करणारा माणूस दोन्ही बाजूंना संशयास्पद वाटू लागतो. समाजाला ज्यांची सर्वाधिक गरज असते, नेमके तेच लोक अशा काळात एकाकी पडतात.

वादाबाहेर राहिलेला वर्ग

ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या गदारोळात अस्पृश्य वर्गाचे प्रश्न कोठे होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. करवीर दरबारापुरते बोलावयाचे तर १९१८ मध्ये महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने देण्याचा निर्णय झाला, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत प्रवेश देण्याचा हुकूम निघाला आणि २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे भरलेल्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या 'मूकनायक' पाक्षिकासही त्यांनी अर्थसाहाय्य केले. या पाक्षिकाची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने छापली नाही, अशी नोंद आंबेडकरांनी पुढे केली आहे.

परंतु महाराजांची भूमिका आणि ब्राह्मणेतर पक्षाची भूमिका ही सर्वत्र एक नव्हती. १९१९ च्या कायद्यात मराठ्यांना सात राखीव जागा मिळाल्या, अस्पृश्यांना मात्र सरकारनियुक्त प्रतिनिधीवर समाधान मानावे लागले. विषमतेविरुद्ध लढणाऱ्या पक्षाला आपल्या खालच्या पायरीवरील माणसाचा विसर पडू शकतो, याची जाणीव आंबेडकरांच्या स्वतंत्र राजकारणामागे होती. दोन प्रबळ गटांचे वैर हे एखाद्या प्रश्नाचे एकमेव परिमाण ठरले, की त्या वैरात ज्यांचा आवाज नाही त्यांचे हक्क विषयपत्रिकेवरूनच गळतात.

वैरभावाची परिणती

६ मे १९२२ रोजी शाहू छत्रपतींचे निधन झाले. त्यानंतर वादाची भाषा अधिक कडवट होत गेली. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकर यांची 'देशाचे दुश्मन' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. तिचे लक्ष्य होते विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक. दोघेही त्या वेळी हयात नव्हते. पुस्तिकेवरून बदनामीचा खटला झाला, लेखक व त्यांचे सहकारी यांना खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, अपिलात आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि सर्वजण निर्दोष सुटले. नोकऱ्यांतील प्रमाणापासून सुरू झालेला वाद मृत व्यक्तींच्या चारित्र्यापर्यंत येऊन पोहोचला होता. येथे धोरणाचा प्रश्न जवळजवळ दिसेनासा झालेला आहे.

असे असले तरी हे वैर अटळ नव्हते, याचाही पुरावा त्याच वर्तुळात सापडतो. त्या पुस्तिकेचे प्रकाशक केशवराव जेधे हे १९३० च्या सुमारास काँग्रेसमध्ये आले आणि काकासाहेब गाडगीळ यांच्यासमवेत त्यांनी पुणे जिल्ह्यात बहुजन समाजाला राष्ट्रीय चळवळीशी जोडले. पूर्वीचे विरोधक समान कार्यक्रमावर एकत्र येऊ शकले.

याउलट तिसऱ्या मार्गाची, म्हणजे व्यक्तीच्या कृतीचा दोष समूहावर टाकण्याच्या प्रवृत्तीची, भीषण परिणती १९४८ मध्ये दिसली. ३० जानेवारी रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर मारेकऱ्याच्या जातीचे म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत ब्राह्मण कुटुंबांची घरे व दुकाने जाळण्यात आली. कोल्हापुरातील भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओही या जाळपोळीतून सुटला नाही. ज्या कुटुंबांचा हत्येशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांना गाव सोडावे लागले. त्यामागे तात्कालिक संताप होता, हे खरे. परंतु एका माणसाच्या कृत्याचा जाब संपूर्ण जातीला विचारण्याची सवय त्या संतापाच्या कितीतरी आधी लागलेली होती. राखीव जागांच्या आदेशाने ही सवय लावली नाही. आदेशाला जातीची व्याख्या करावी लागली, पण त्याने त्या जातींतील माणसांना दोषी ठरविले नव्हते. हा भेद वादाच्या भाषेत हरवला.

अन्यत्रचा अनुभव

नागरी हक्कांचा प्रश्न आणि पक्षीय विभागणी यांचे नाते सर्वकाळ सारखे नसते, हे अमेरिकेच्या इतिहासावरूनही दिसते. वंशभेदाला प्रतिबंध करणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. त्या वेळी अनुकूल व प्रतिकूल मते दोन्ही पक्षांत होती, विरोधाची खरी रेषा पक्षांमधून नव्हे तर दक्षिण व उत्तर यांमधून जात होती. पुढील दशकांत वंश, धर्म, प्रदेश आणि पक्ष या ओळखी एकमेकींवर चपखल बसत गेल्या आणि तसतसा पक्षीय द्वेष वाढला, असे लिलियाना मेसन यांनी २०१८ मधील आपल्या ग्रंथात दाखविले आहे. अनेक ओळखी एकाच रेषेवर आल्या की वैर वाढते, त्या एकमेकींना छेद देत असल्या की ते आटोक्यात राहते. कोल्हापुरात १९०१-०२ मध्ये तीन वाद एका रेषेवर आले, त्याचा अर्थ या निरीक्षणाने अधिक स्पष्ट होतो.

वर्तमान संदर्भ

स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद १६(४) मध्ये नोकऱ्यांतील आरक्षणाची आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद १५(४) मध्ये मागास वर्गांसाठीच्या विशेष तरतुदींची व्यवस्था आहे. १९९२ मध्ये इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरक्षणासाठी सर्वसाधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. १९०२ चा आकडाही ५० टक्केच होता, परंतु दोहोंचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. कोल्हापुरात तो किमान उद्दिष्ट होता, तेथवर पोहोचेपर्यंत पुढील नेमणूक मागास वर्गातूनच व्हावयाची होती. १९९२ मध्ये तो कमाल मर्यादा झाला. चर्चेत या दोन आकड्यांची सर्रास गल्लत होते.

महाराष्ट्रातील मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २०१८ मध्ये कायदा झाला, ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा विधिमंडळाने संमत केला. या प्रवासात मागासलेपणाचे निकष, शेतीचे अरिष्ट, रोजगाराची घटती संधी असे अनेक प्रश्न खऱ्या चर्चेची वाट पाहत होते. २०१६ मधील मूक मोर्चांनी प्रचंड संख्या आणि संयम एकत्र नांदू शकतात हे दाखविले. परंतु पुढे दोन समाज परस्परांसमोर उभे आहेत, अशी मांडणी वाढत गेली आणि हेतूंविषयीची जुनी भाषा नव्या नावांनी परतली. तिसरा मार्गही कोल्हापुरात पुसला गेलेला नाही. २०२३ च्या जूनमध्ये काही जणांनी समाजमाध्यमांवर ठेवलेल्या मजकुरावरून येथे दगडफेक झाली व इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. त्या वेळीही काही व्यक्तींच्या कृतीचा जाब एका संपूर्ण समाजाला विचारला गेला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. १९०२ च्या आदेशाचे बलस्थान त्याच्या मोजता येण्याजोग्या रचनेत होते. प्रमाण, व्याख्या आणि त्रैमासिक अहवाल यांमुळे त्याचे यशापयश आकड्यांनी तपासता येत होते. जाहीर वादाने मात्र ही तपासणी क्वचितच केली.

२. वैरभाव तीन मार्गांनी वाढला. भिन्न प्रश्नांची एकत्र गुंफण झाली, युक्तिवादाची जागा हेतूंवरील हल्ल्याने घेतली आणि व्यक्तीच्या कृतीसाठी समूह जबाबदार धरला गेला. यांपैकी एकही मार्ग धोरणातून अपरिहार्यपणे निघत नव्हता.

३. सामाजिक अन्याय आणि त्यावरील उपाय यांविषयी बोलताना जातीचा उल्लेख टाळता येत नाही. म्हणून वैरभाव टाळणे म्हणजे विषमतेविषयी मौन बाळगणे, असा अर्थ करणे चूक आहे. कचेरीतील जागांची जातवार गणना करणे हे सत्यकथन आहे, त्या जातीत जन्मलेल्या प्रत्येकाला शत्रू मानणे हा अन्याय आहे.

४. वैराची किंमत वाद करणाऱ्यांपेक्षा वादाबाहेरील दुर्बलांनी आणि दोन्ही बाजूंना न पटणाऱ्या विचारवंतांनी अधिक मोजली.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य सूचना निघते. आरक्षणाचा विषय वर्गात आला की अनेकदा तो घाईने आटोपला जातो, कारण समोर बसलेले विद्यार्थी दोन्ही बाजूंचे असतात. त्याऐवजी १९०२ चा मूळ आदेश, १८९४ व १९१२ चे आकडे आणि गुणवत्तेचा आक्षेप हे तिन्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवून, प्रत्येकाला प्रथम आपल्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट युक्तिवाद लिहावयास सांगता येईल. हेतूंची चर्चा त्यानंतर, स्वतंत्र तासाला करावी. या पद्धतीने सर्वांचे एकमत होणार नाही आणि ते व्हावे अशी अपेक्षाही नाही. धोरणाविषयीचा वाद धोरणाविषयीच राहील, एवढे मात्र तिने साधेल.